कचरा ‘उचलला जातो’, पण कोण उचलतो? समाजभान शिकवण्याचे एक सत्र

२ ऑक्टोबरला महाविद्यालयाचे आवार झाडले जाते. झाडू नवे असतात, बॅनर लागतो, फोटो निघतात आणि वार्षिक अहवालात जातात. जमलेला कचरा दुसऱ्या दिवशी घंटागाडीतून जातो. तो कुठे गेला, कोणी उचलला, उचलणाऱ्याच्या हातात हातमोजे होते का, त्याला त्या दिवसाचे किती मिळाले, हे विचारायची वेळ खरे तर तेव्हाच आलेली असते. पण तोवर सगळे पोह्यांकडे वळलेले असतात.

श्रमदान वाईट नाही. राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) २४ सप्टेंबर १९६९ पासून चालू आहे. वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर यांतून अनेक गावांत बंधारे आणि शोषखड्डे उभे राहिले. पण रासेयो हे वर्गाबाहेरचे, स्वखुशीचे काम. ज्याने नाव नोंदवले नाही त्याचे काय? आता महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट आली आहे आणि तिच्यासोबत क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग अशी क्रेडिटे प्रत्येकाच्या वाट्याला आली आहेत. पुष्कळ ठिकाणी ती एका भेटीत आणि तीस पानी फाइलीत उरकली जातात. त्यांतल्या दोन क्रेडिटांत एक सत्र नीट कसे चालवायचे, ते इथे कचऱ्याचा विषय घेऊन सांगितले आहे. पद्धत कोणत्याही विषयाला लागू पडते.

मोजमापाची खूण एकच ठेवा. पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना दहा ओळी लिहायला सांगा: ‘आपल्या कॉलेजचा कचरा रोज कसा हलतो?’ बहुतेक वह्यांत ‘कचरा गोळा केला जातो, गाडीत टाकला जातो, डेपोला नेला जातो’ असे येईल. फळ्यावर ‘जातो’ला वर्तुळ करा आणि विचारा, या वाक्यांत कर्ता कुठे आहे? कर्मणी प्रयोगात माणूस सहज गळून पडतो. ही पाने गोळा करून कपाटात ठेवा. सत्राच्या शेवटी तोच प्रश्न पुन्हा द्यायचा आहे.

आधी वेळेचा हिशेब

एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे १५ तास किंवा क्षेत्रकार्याचे ३० तास. दोन क्रेडिटांचे ६० तास असे वाटा: वर्गात १२, क्षेत्रात २४, कागदपत्रांसाठी १०, आकडेमोड आणि लेखन ८, निष्कर्ष लोकांपुढे परत नेण्यासाठी ६. शेवटचे सहा तास सगळ्यात आधी वेळापत्रकात टाका, नाहीतर परीक्षा जवळ आली की पहिली कात्री त्यांनाच लागते.

शक्य असेल तर दुसरे सत्र निवडा. जून ते ऑक्टोबरमध्ये पाऊस, गणपती आणि दिवाळी मिळून निम्मे रविवार खातात. ओल्या कचऱ्याचे वजनही पावसात फसवे निघते.

साठ विद्यार्थ्यांचे पाच-पाच जणांचे बारा गट होतात. एका शिक्षकाने आठवड्याला चार गटांना प्रत्येकी वीस मिनिटे दिली तर तीन आठवड्यांत एक फेरी पूर्ण होते. एवढे जमणार नसेल तर दुसरा शिक्षक सोबत घ्या. भेटीशिवाय गट सोडून दिले की वही एकच जण लिहितो आणि चौघे सह्या करतात.

गट तुम्ही पाडा. विद्यार्थ्यांवर सोपवले तर ते गाव, बोली, वसतिगृह आणि जात यांच्या रेषांवरच जमतात, बहुतेकदा नकळत. हजेरी क्रमांकाने पाडलेला गटही फारसा बरा नाही. प्रत्येक गटात एक तरी वसतिगृहातला, एक तरी त्या शहरात वाढलेला असावा. गटात एकच मुलगी ठेवू नका. दोघी तरी हव्यात, नाहीतर एकही नको. क्षेत्रकार्याच्या दिवशी डबे एकत्र उघडायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली, त्यात उपदेशापेक्षा स्वयंपाकाच्या पाळ्यांचा वाटा मोठा होता. डब्यांकडे लक्ष ठेवा. कोण कोणाच्या डब्यातले घेत नाही, हे तुम्हाला दिसेल. त्यावर तिथेच बोलू नका.

प्रश्न कसा निवडायचा

चार चाळण्या लावा. प्रश्न चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा असावा. त्यात विद्यार्थ्याचा स्वतःचा रोजचा हात असावा. तुमच्या विषयाचे एखादे खरे हत्यार त्यात वापरता यावे. आणि त्यावर निर्णय घेणारे एक तरी कार्यालय नाव घेऊन दाखवता यावे. ‘भारतातील दारिद्र्य’ चारही चाळण्यांत अडकते. ‘आपल्या प्रभागातल्या कचऱ्याचा प्रवास’ चारहींतून पार होतो.

रसायनशास्त्राच्या विभागाला वस्तीतल्या बोअरचे पाणी जवळचे वाटेल. ईडीटीए या रसायनाच्या अनुमापनाने पाण्याचा कठीणपणा काढा आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० शी ताडून पाहा: स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत. मग त्या बोअरवर कोण अवलंबून आहे आणि नळ कोणाकडे आहे, हा प्रश्न आपोआप येतो. वाणिज्यच्या मुलांना भाजीवाल्या मावशींचा दिवसाचा ताळेबंद मांडता येईल: सकाळी उसने घेतलेले भांडवल, रात्री फेडलेले व्याज, पालिकेची पावती. संख्याशास्त्राला रेशन दुकानाची रांग पुरते. अन्न सुरक्षा कायद्यात अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य ठरलेले आहे. हातात पडलेले किती, हे पावतीवरून मोजता येते. मराठीच्या विभागाने शासकीय नोटिसा घ्याव्यात आणि त्या ज्यांच्यासाठी आहेत त्यांना वाचून काय कळते ते नोंदवावे.

बाहेर पडण्याआधी महाडचे दोन तास

संकल्पनांवरच्या व्याख्यानाने सुरुवात करू नका. ‘सामाजिक न्याय म्हणजे’ असे फळ्यावर लिहिले की वर्ग परीक्षेच्या पवित्र्यात जातो आणि बाहेर येत नाही. त्याऐवजी चवदार तळ्याची गोष्ट कागदांच्या क्रमाने उघडा आणि प्रत्येक कागदावर थांबा.

पहिला कागद १९२३ चा. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. थांबा. विचारा, आता तळ्यावर काय झाले असेल? बहुतेक जण म्हणतील, पाणी मिळाले असेल. दुसरा कागद १९२४ चा: महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. पुन्हा थांबा. आता तरी? यानंतर २० मार्च १९२७ सांगा. म्हणजे दोन ठराव हातात असूनही तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसांपैकी कोणी घेऊ शकले नव्हते, डॉ. आंबेडकरांसोबत लोक चालत गेले आणि ओंजळीने प्यायले तेव्हा ठराव पहिल्यांदा अमलात आला. त्यानंतर मारहाण आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात तळ्यावर जाण्यास न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला १९३७ मध्ये. बंदीची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना, म्हणजे बंदीसाठी न्यायालयात गेलेल्या सवर्णांना, सिद्ध करता आले नाही.

पहिला तास इथे संपवा. दुसऱ्या तासाला गटांना एकच काम द्या: १९२३ ते १९३७ पर्यंत ज्याने ज्याने निर्णय घेतला, घेतला नाही किंवा फिरवला, त्यांची यादी. विधिमंडळ, नगरपालिका, न्यायालय, गावातले पुढारी, पाणी प्यायला गेलेले लोक. आणि घरात बसून राहिलेले लोकही. ते यादीत आले नाहीत तर तुम्ही विचारा. कागदावर असणे आणि हातात पडणे यांतले अंतर, आणि त्या अंतरात उभी असलेली माणसे, हे पाहायला डोळा एकदा तयार झाला की तो घंटागाडीपाशीही तसेच पाहतो. महाराष्ट्राबाहेर शिकवत असाल तर तिथला तसाच एखादा तंटा घ्या, पण त्याचे कागद तारखांसह हातात हवेत. कागदांविना ही गोष्ट फक्त अभिमानाची किंवा अपराधाची होते, आणि दोन्हींत विचार थांबतो.

आरसा दाखवा, पण खासगीत

परदेशी पुस्तकांतून आलेला एक खेळ सध्या कार्यशाळांतून फार चालतो: सगळ्यांना एका रेषेत उभे करायचे, ‘ज्यांच्या घरी पुस्तके होती ते एक पाऊल पुढे’, ‘ज्यांना शिष्यवृत्ती मिळते ते एक पाऊल मागे’. आपल्या वर्गात हे करू नका. आडनाव, शिष्यवृत्तीचा फॉर्म, बोली यांवरून इथे जात आधीच निम्मी उघडी असते. रेषेवर ती पूर्ण उघडी पडते. मागे राहिलेला विद्यार्थी पुढच्यांचे शिक्षण व्हावे म्हणून स्वतःची लाज खर्च करतो, आणि तो नंतर तासाला येत नाही.

त्याऐवजी घरी भरायचा एक कागद द्या. आजी-आजोबा, आई-बाबा आणि मी, असे तीन रकाने. ओळी पाच: शाळा कितवीपर्यंत, पाणी कुठून, जमीन किती आणि ती कशी आली, पहिली पगाराची नोकरी कोणाला आणि कोणाच्या ओळखीने, घरातला कचरा आणि संडास कोण साफ करत होते. कागद गोळा करायचा नाही, हे आधी आणि नंतर दोनदा सांगा. वर्गात फक्त विचारा, ‘कोणती ओळ भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला?’ बोलायचे ते बोलतील. शेवटच्या ओळीवर बराच वेळ शांतता असते. ती तुम्ही बोलून भरून काढू नका.

सात दिवस काटा

आता मोजणी. प्रत्येक गटाने दहा घरे किंवा कॉलेजचा एक भाग (कॅन्टीन, एक मजला, मुलींचे वसतिगृह) घ्यावा. सामान फार नाही: दहा किलोपर्यंतचा लटकवायचा डिजिटल काटा, चार रंगांच्या गोण्या, जाड रबरी हातमोजे, मास्क, साबण आणि कडक पुठ्ठ्याची वही. धनुर्वाताच्या लसीची चौकशी आधी करून घ्या. सिरिंज, औषधांच्या बाटल्या, काचा दिसल्या तर हात लावायचा नाही, नोंद करून बाजूला ठेवायचे. ओला, सुका, सॅनिटरी आणि घातक असे चार भाग. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले. सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून सुक्यात द्यायचे होते. तुम्ही मोजताना ते वेगळेच धरा, कारण उघड्या हातांनी वेगळे करायची वेळ कोणावर येते ते याच गोणीतून कळते.

सलग आठ दिवस वजन करा आणि पहिल्या दिवसाचे आकडे टाकून द्या. त्या दिवशी डब्यात आधीचा साठलेला कचरा असतो. उरलेले सात दिवस एका रविवारसह येतात. सण मधे आला तर तो आठवडा घेऊ नका, किंवा मुद्दाम घ्या आणि तसे लिहा. आकडा घरटी नको, माणशी काढा.

नेहमी चुकते ते असे. आपला कचरा मोजला जातोय म्हटल्यावर लोक दोन दिवस फार शहाण्यासारखे वागतात. म्हणून आठवड्याच्या दुसऱ्या अर्ध्याचे आकडे वेगळे काढून पाहा. काटा शून्यावर न आणता गोणीसकट वजन होते. आणि तिसऱ्या दिवशी गटातली मुले घाण कामाच्या पाळ्या मुलींवर किंवा एखाद्या गरीब विद्यार्थ्यावर ढकलतात. पाळीपत्रक सहीसह वहीत हवेच. त्यात झालेले बदल हीसुद्धा सामग्री आहे, चर्चेच्या तासाला तीच सगळ्यात कामी येते.

माणसांशी बोलणे

घंटागाडीच्या मागोमाग एक पूर्ण फेरी चालायची. पहाटे निघावे लागते. पालकांचे संमतीपत्र, कॉलेजचे ओळखपत्र आणि प्राचार्यांच्या सहीचे पत्र खिशात हवे. शेवटच्या डेपोवर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना नेऊ नका. तिथे आगी लागतात, ढिगारे सरकतात, कुत्रे असतात. हस्तांतरण केंद्रापर्यंत आणि भंगारवाल्याच्या दुकानापर्यंत पोचलात तरी पुष्कळ.

फेरी चालू असताना प्रश्न विचारू नका. कंत्राटी कामगाराची मिनिटे मोजलेली असतात आणि तुमच्या पाच मिनिटांच्या गप्पांची बोलणी त्याला खावी लागतात. काम संपल्यावर, चहाच्या वेळी, आणि मुकादम किंवा आरोग्य निरीक्षक शेजारी नसताना बोला. मुकादमासमोर मिळालेली ‘हातमोजे मिळतात, काही अडचण नाही’ ही उत्तरे वहीत लिहा, पण कोण उभे होते तेही लिहा. विचारायला दोघेच जावेत, एक बोलणारा आणि एक लिहिणारा. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, वहीत नाव नाही. क, ख, ग पुरे.

विचारायचे प्रश्न वस्तू आणि वेळ यांना धरून असावेत. ‘सकाळी घरातून किती वाजता निघालात?’ ‘हातमोजे शेवटचे कधी मिळाले?’ ‘आजारी पडलात तर त्या दिवसाचे काय?’ ‘पगाराची स्लिप मिळते का?’ ‘सगळ्यात नको वाटणारी बादली कोणती?’ या शेवटच्या प्रश्नाला उत्तर लांब येते. ‘तुम्हाला कसे वाटते?’, ‘तुमची स्वप्ने काय?’ हे प्रश्न बाद. जात सरळ विचारायची नाही. ‘आधी घरात हे काम कोण करत होते?’ इतके पुरते. पालिकेच्या कायम कामगारांशी बोलताना लाड-पागे समितीचे नाव निघेल. तिच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी वारसाला नोकरी मिळते. ही हक्काची सुरक्षितता की पिढीजात कामाचे कुलूप, यावर कामगारांतच दोन मते ऐकू येतात. दोन्ही जशीच्या तशी लिहून आणा. वर्गातला सगळ्यात चांगला वाद यावर होतो.

काही वाटप करू नका. साड्या, फराळ, बिस्किटे दिली की नाते देणारा आणि घेणारा असे पक्के होते आणि पुढची सगळी उत्तरे आभाराच्या सुरात येतात.

आपण नेलेली गरज आणि समोरच्याची गरज वेगळी निघू शकते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरावेचक बायकांपर्यंत साक्षरतेचे काम घेऊन पोचल्या. बायकांची निकड मात्र वेगळी होती: कचऱ्यापर्यंत सरळ पोचता यावे, उकिरडे उपसावे लागू नयेत, चोर समजून कोणी हटकू नये. कार्यकर्त्यांनी काम त्या दिशेला वळवले. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार होऊन घरोघरचा कचरा गोळा करणे हे तिचे अधिकृत काम ठरले. हे उदाहरण क्षेत्रकार्याच्या मध्यावर सांगा. सुरुवातीलाच सांगितले तर विद्यार्थी ‘आपणही संस्था काढू’ म्हणतात. मध्यावर सांगितले तर ते आपली प्रश्नावली पुन्हा काढून तपासतात.

रोजची वही दोन रकान्यांची ठेवा. डावीकडे ‘पाहिले-ऐकले’, उजवीकडे ‘मला वाटले’. डावीकडे विशेषण आले की लाल रेघ मारा. ‘अस्वच्छ वस्ती’ हे उजवीकडे. ‘अंदाजे ४० घरांमागे एक नळ, सकाळी साडेसहा ते साडेसात’ हे डावीकडे.

कागद मागवणे

माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर यायची मुदत ३० दिवस. म्हणून अर्ज तिसऱ्या आठवड्यात गेला पाहिजे. सातव्यात दिला तर उत्तर हाती येईपर्यंत सत्र संपत आलेले असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये. हा हक्क नागरिकाचा आहे, म्हणून अर्ज विभागाच्या लेटरहेडवर न पाठवता व्यक्तीच्या नावाने जातो. विद्यार्थ्याच्या घरचा पत्ता उघडा नको असेल तर पत्रव्यवहारासाठी कॉलेजचा पत्ता द्या. पहिला अर्ज शिक्षकाने स्वतःच्या नावावर करणे उत्तम. घरी सरकारी खात्याचे पत्र आले की काही पालक घाबरतात, आणि त्यांची भीती अगदीच निराधार नसते.

‘कामगारांना हातमोजे का देत नाही?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘का’ दप्तरात नसतो. ‘प्रभाग क्रमांक अमुकमधील कचरा संकलनाच्या चालू कंत्राटाची प्रत, गेल्या आर्थिक वर्षात खरेदी केलेल्या हातमोज्यांची संख्या व वाटप नोंदवहीची प्रत’ असे मागा. अर्जाआधी पालिकेचे संकेतस्थळ चाळा: कलम ४ प्रमाणे बरेच कागद स्वतःहून प्रसिद्ध करायचे असतात, आणि अंदाजपत्रक बहुधा तिथे मिळते. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर प्रथम अपील ३० दिवसांत. सत्र संपले तरी अपील करा.

कंत्राटात लिहिलेले, मुकादमाने सांगितलेले आणि फेरीत दिसलेले असे तीन रकाने एका पानावर आले की तुम्हाला फार काही शिकवावे लागत नाही.

वर्गात परतल्यावर

चर्चेच्या तासाला ठरावीक वाक्ये येणारच. ‘ते लोक दारू पितात.’ ‘त्यांना सगळे फुकट मिळते.’ ‘सरकार काहीच करत नाही.’ रागावू नका. रागावलात तर वाक्य मनात तसेच राहील आणि तोंडाने तुम्हाला हवे ते बोलले जाईल. वाक्य बोलणाऱ्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा आणि शेजारी लिहा: ‘हे खरे की खोटे, ठरवायला काय लागेल?’ मग वह्या उघडा. दारूच्या वाक्यापाशी वासाचा, पहाटेच्या वेळेचा, उघड्या हातांचा उल्लेख कुणाच्या तरी डाव्या रकान्यात सापडतो; तो वाचायला लावा. वाक्य पूर्ण खोटे ठरेलच असे नाही. पण ते निष्कर्ष होऊन बसले होते, ते पुन्हा प्रश्न होते. तिसरे वाक्य वरवर पुरोगामी वाटते म्हणून सोडून देऊ नका. कोणते खाते, कोणते पद, कोणता ठराव, हे तिथेही विचारा.

वर्गात सफाई कामगाराच्या घरातला विद्यार्थी असू शकतो, आणि तो आहे हे तुम्हाला ठाऊकही असू शकते. त्याच्याकडे वळून ‘तू सांग ना’ म्हणू नका. तो आपणहून बोलला तर त्याचे बोलणे बाकीच्यांसारखीच एक नोंद, पुराव्याच्या त्याच कसाला लागणारी. त्याच्यावर सगळ्या समाजाची वकिली लादली की तो या विषयापासून कायमचा दूर जातो.

तुमचे स्वतःचे मत शेवटी, विचारले तरच, आणि ‘हे माझे मत’ म्हणून. हा घटक विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात मंजूर करून ठेवा. तक्रार आली तर तोच कागद कामी येतो. अहवालात पक्ष, नगरसेवक, कंत्राटदार यांची नावे नकोत. पदनाम आणि कागदाचा क्रमांक पुरतो.

निष्कर्ष परत नेणे

ज्यांच्या वेळेवर हे सगळे उभे राहिले त्यांना काय सापडले ते कळले पाहिजे. एक पान, मोठी अक्षरे, सोपी मराठी, तीन आकडे आणि एक नकाशा. चहाच्या त्याच टपरीपाशी मोठ्याने वाचून दाखवा, कारण सगळ्यांना वाचता येईलच असे नाही. ‘यात चुकीचे काय आहे?’ हे आवर्जून विचारा आणि दुरुस्त्या पानावरच करा. पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात पान देण्याआधी कामगारांना विचारा, यातले काय जाऊ द्यायचे नाही. एका प्रभागात ‘क’ म्हणजे कोण, हे मुकादमाला दोन मिनिटांत ओळखता येते. अशी ओळ कितीही महत्त्वाची असली तरी काढून टाका.

दुसरे सादरीकरण कॉलेजमध्येच. ज्या कॅन्टीनचा आणि मजल्याचा कचरा मोजला तिथल्या लोकांपुढे आणि प्राचार्यांपुढे, एकाच मागणीसह. मागणी लहान आणि कॉलेजच्या हातातली असावी: सॅनिटरी कचऱ्यासाठी वेगळे डबे, कॉलेजच्या कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यांना पगाराची स्लिप. दुसरी मागणी पुढे येते तेव्हा खोली जरा गप्प होते. दूरच्या डेपोविषयी बोलणे सोपे असते.

गुण

बहुतेक ठिकाणी ५० गुण असतात. क्षेत्रवही १५, मोजमाप आणि कागद १५, परत नेलेले पान आणि सादरीकरण १०, तोंडी १०. भावनेला गुण शून्य. ‘या प्रकल्पाने माझे डोळे उघडले’ या वाक्याला गुण मिळतात असे एकदा कळले की पुढच्या वर्षी साठपैकी पन्नास जणांचे डोळे त्याच शब्दांत उघडतात. आता तर हे वाक्य मोबाइलच लिहून देतो. वही हाताने आणि त्याच दिवशी लिहिलेली हवी; तारखेखाली गटातल्या दुसऱ्याची सही. तोंडीला वही मधेच कुठेतरी उघडा आणि त्या पानावरचे तीन प्रश्न विचारा: तेव्हा कुठे उभे होता, हे कोणी सांगितले, हा आकडा चुकीचा असेल तर कशामुळे? जो गेला होता त्याला अडचण येत नाही. मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे म्हणून गुण कापले, असे एकदा जरी झाले तरी पुढच्या तुकडीच्या वह्यांतून प्रामाणिकपणा गेलाच समजा.

शेवटच्या तासाला कपाटातली दहा ओळींची पाने वाटा, त्याच प्रश्नावर पुन्हा दहा ओळी लिहायला सांगा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून तीन गोष्टी मोजा: किती वाक्यांना कर्ता आला, किती वेगवेगळे कर्ते आले, आणि त्यांत ‘मी’ किंवा ‘आम्ही’ आहे का. आकडे विभागाच्या नोंदवहीत लिहा. त्याच वहीत उत्तर न आलेले अर्ज, प्रलंबित अपील, कॉलेजने मान्य केलेली मागणी आणि ती पुरी करायची तारीख लिहून ठेवा. पुढच्या तुकडीचा पहिला तास त्या शेवटच्या पानावरून सुरू करायचा.